मुलींचं वजन, अंगातली चरबी आणि वयात येण्याची वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या छातीत बदल दिसू लागला की घरात पहिला दोष तिच्या वजनाला दिला जातो. चौदा वर्षं झाली आणि पाळीचा पत्ता नाही, की तेव्हाही दोष वजनालाच, फक्त उलट्या बाजूने. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, पण लोक समजतात तेवढं नाही. त्या अर्धवट माहितीपायी मुलींना उपाशी ठेवलं जातं, टोमणे मारले जातात, किंवा खरोखर तपासायला हवी ती गोष्ट तपासायची राहून जाते. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची सविस्तर उत्तरं.

मुलगी वयात आली असं कधीपासून धरायचं? पाळी आल्यापासून?

नाही. पाळी हा बराच उशिराचा टप्पा आहे. मुलींमध्ये पहिली खूण बहुतेक वेळा स्तनाग्राखाली येणारी बारीक, घट्ट, हात लागला की दुखणारी गाठ ही असते. ती आठ ते तेरा या वयात कधीही येऊ शकते. त्यानंतर उंचीचा झपाटा, नितंब आणि मांड्यांची गोलाई, आणि गाठ आल्यापासून साधारण दोन ते अडीच वर्षांनी पहिली पाळी. हे टप्पे मार्शल आणि टॅनर यांनी १९६९ साली पाच पायऱ्यांमध्ये मांडले आणि डॉक्टर आजही त्याच पायऱ्यांवरून मुलीची वाढ नोंदवतात.

जांघेतले आणि काखेतले केस, घामाचा वास, मुरुमं यांचा उगम वेगळा आहे. ते मुख्यतः मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींच्या संप्रेरकांमुळे (हार्मोन्समुळे) येतात. त्यामुळे नुसते केस आले म्हणजे अंडाशय कामाला लागले असं धरू नये. हा भेद आधीच सांगून ठेवते, कारण वजनाचा परिणाम या सगळ्यांवर सारखा होत नाही.

अंगात चरबी जास्त असेल तर मुलगी लवकर वयात येते, हे खरं आहे का?

सरासरीने पाहिलं तर हो. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे: जास्त वजनाच्या मुलींमध्ये स्तनांची वाढही लवकर सुरू होते आणि पाळीही थोडी आधी येते. पण सरासरी ही हजारो मुलींची असते. तुमच्या घरातल्या एका मुलीबद्दल ती फार थोडं सांगते. भरलेल्या अंगाच्या कितीतरी मुलींना तेराव्या वर्षी पाळी येते आणि किरकोळ अंगाच्या कितीतरींना अकराव्या.

यात सगळ्यात मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे. पहिल्या पाळीच्या वयात मुलीमुलींमध्ये जो फरक दिसतो, त्याचा निम्म्याहून अधिक भाग जनुकांमुळे असतो, असं जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांतून दिसतं. आईला, मावशीला, आत्याला पाळी कधी आली होती, हे वजनकाट्यापेक्षा आधी विचारावं.

‘अमुक किलो वजन झालं की पाळी येते’ हे कुठून आलं?

यामागे एक गाजलेला सिद्धांत आहे. अमेरिकेत रोझ फ्रिश आणि रॉजर रेव्हेल यांनी लहानपणापासून नोंदी ठेवलेल्या मुलींची माहिती तपासली आणि १९७० साली मांडलं, की पाळी लवकर आलेली असो वा उशिरा, त्या वेळी मुलींचं सरासरी वजन जवळपास सारखंच, सुमारे ४७ किलो असतं. चार वर्षांनी, १९७४ मध्ये, फ्रिश आणि जॅनेट मॅकआर्थर यांनी वजनाऐवजी चरबीवर बोट ठेवलं: पाळी सुरू व्हायला शरीरात किमान १७ टक्के चरबी लागते आणि ती नियमित टिकायला सुमारे २२ टक्के.

कल्पना सुंदर होती. गर्भ वाढवायला आणि मूल पाजायला भरपूर ऊर्जा लागते. तेवढा साठा नसेल तर शरीर थांबणारच. हे मूळ तर्कशास्त्र आजही टिकून आहे. टिकला नाही तो ठरावीक आकडा.

एक तर त्या अभ्यासात चरबी मोजलेलीच नव्हती. उंची आणि वजनावरून सूत्राने काढलेली होती. म्हणजे चरबी म्हणून जे दाखवलं, ते वजन-उंचीचंच दुसरं रूप होतं. दुसरं म्हणजे सरासरी ४७ असली तरी प्रत्यक्षात पाळी येताना मुलींची वजनं खूप वेगवेगळी असतात. ठरावीक काटा ओलांडला आणि पाळी आली असं होत नाही. आणि तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाळी येण्याच्या दोन वर्षं आधीच अंडाशयातून इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक स्रवायला लागलेलं असतं, आणि इस्ट्रोजेनच मुलीच्या मांड्या-नितंबांवर चरबी चढवतं. मग पाळीच्या वेळी दिसणारी चरबी हे वयात येण्याचं कारण मानायचं की त्याचाच परिणाम? त्या काळच्या आकड्यांवरून हे वेगळं करता येत नव्हतं.

तरीही १७ टक्क्यांचा आकडा अजून सल्ल्यांमध्ये फिरतो. कुणी तो लक्ष्य म्हणून सांगितला तर सोडून द्या.

मग चरबीचा आणि मेंदूचा संबंध येतो तरी कसा?

इथे १९९४ साल महत्त्वाचं. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला चरबीच्या पेशींतून निघणारं लेप्टिन हे संप्रेरक सापडलं. चरबी जितकी जास्त तितकं रक्तात लेप्टिन जास्त. कोठारात धान्य किती शिल्लक आहे याची खबर घरच्या कारभाऱ्याला मिळत राहावी, तशी ही खबर मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला सतत मिळत असते.

याचा पुरावा आला तो अत्यंत दुर्मीळ अशा मुलांकडून. काही कुटुंबांत जन्मापासूनच लेप्टिन तयार न होणारी मुलं आढळली. त्यांना अनावर भूक लागते, वजन प्रचंड वाढतं, पण उपचार मिळाले नाहीत तर ती वेळेवर वयात येत नाहीत. म्हणजे अंगावर चरबी ढीगभर आणि पाळी नाही! मेंदूला खबरच पोचत नाही, म्हणून त्याच्या लेखी कोठार रिकामं. यातल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर मेंदूकडून रात्री संप्रेरकांच्या लहरी सुटू लागल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. मात्र ज्या बालकांना बरंच लहान असताना लेप्टिन दिलं, ती काही त्या वयात वयात आली नाहीत. याचा अर्थ सरळ आहे: लेप्टिन लागतं, पण ते वयात येण्याची वेळ अलीकडे ओढत नाही. ऊर्जेची अडचण नाही एवढं ते सांगतं. सुरुवात मेंदू आपल्या वेळेने करतो.

ती सुरुवात करणारा दुवा २००३ मध्ये स्पष्ट झाला. किसपेप्टिन नावाच्या रेणूचा ग्राहक, म्हणजे त्याचा निरोप पकडणारं पेशीवरचं प्रथिन, बिघडलेल्या व्यक्ती वयात येत नाहीत, हे दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. हायपोथॅलॅमसमधल्या किसपेप्टिनच्या पेशी पुढच्या पेशींना जागं करतात, त्या मेंदूखालच्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीला आणि ती ग्रंथी अंडाशयाला. ही साखळी तान्हेपणी काही महिने चालू असते, मग अनेक वर्षं दाबून ठेवलेली असते. ती दाबून ठेवणाऱ्या जनुकांपैकी एक, एमकेआरएन३, २०१३ मध्ये ओळखलं गेलं. ते बिघडलं की काही कुटुंबांत मुलं फार लवकर वयात येतात, वजन काहीही असो. आणि २०२१ मध्ये मेंदूतला आणखी एक ग्राहक, एमसी३आर, पुढे आला. शरीराच्या पोषणाची खबर वाढीपर्यंत आणि वयात येण्यापर्यंत पोचवण्यात त्याचा हात आहे. तो निकामी असलेली माणसं उशिरा वयात येतात आणि उंचीला कमी भरतात.

चरबी स्वतः इस्ट्रोजेन तयार करते असं ऐकलं. खरं?

खरं. चरबीच्या पेशींमध्ये ॲरोमटेज हे विकर (एन्झाइम) असतं आणि ते ॲड्रिनल ग्रंथीकडून आलेल्या पुरुषी संप्रेरकांचं थोड्या प्रमाणात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. शिवाय वजन जास्त असेल तर रक्तात इन्सुलिन वाढतं, आणि त्यामुळे संप्रेरकांना बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी तयार होतं. मोकळं फिरणारं संप्रेरक वाढतं. म्हणजे मेंदूने अजून सुरुवात केलेली नसतानाही छातीवर किंवा केसांवर थोडा परिणाम दिसू शकतो. जास्त वजनाच्या मुलींना जांघेत केस लवकर येण्यामागे हेही एक कारण मानलं जातं.

आधी चरबी वाढते की आधी मुलगी वयात येते?

दोन्ही दिशांनी वाहतुक चालते, पण चरबी आधी हा भाग बराच पक्का आहे. अमेरिकेतल्या मुलींना लहानपणापासून तपासत राहिलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन वर्षांच्या वयात ज्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) जास्त होता, आणि तीन ते सहा-सात वर्षांत ज्यांचा तो झपाट्याने वाढला, त्या मुलींमध्ये स्तनांची वाढ लवकर सुरू झालेली दिसली. तीन वर्षांच्या मुलीच्या अंगात वयात येण्याची संप्रेरकं नसतात. त्यामुळे इथे क्रम उलटा असण्याची शक्यता राहत नाही. जनुकांच्या अभ्यासांचा कौलही त्याच बाजूने आहे. वजन वाढवणारी बरीचशी जनुकीय रूपं पाळी अलीकडे आणणारीही आहेत.

जन्मतः कमी वजनाच्या आणि मग पहिल्या काही वर्षांत भराभर वजन भरून काढलेल्या मुली थोड्या लवकर वयात येण्याकडे कल दिसतो. बाळाला गुटगुटीत करण्याची घाई म्हणूनच मला पटत नाही. त्या वयातली वाढ उंची आणि वजन दोन्हींत, एका चालीने झालेली बरी.

सगळीकडेच मुली आधीपेक्षा लवकर वयात येतात. हे सगळं लठ्ठपणामुळेच ना?

सगळं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उत्तर युरोपात पहिल्या पाळीचं सरासरी वय सोळा-सतरा होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते तेराच्या आसपास आलं. ही घसरण झाली ती पोटभर अन्न, स्वच्छ पाणी आणि कमी झालेले संसर्गरोग यांमुळे. ती आरोग्य सुधारल्याची खूण होती, आजाराची नव्हे.

अलीकडची घसरण वेगळी आहे. तिच्यात पाळीपेक्षा स्तनांची वाढ जास्त अलीकडे सरकली आहे. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार १९७७ ते २०१३ या काळात स्तनवाढीच्या सुरुवातीचं वय दर दशकाला जवळपास तीन महिन्यांनी खाली आलं. कोपनहेगनमधला अभ्यास तर विचारात पाडणारा आहे. तिथे १९९१ मध्ये स्तनवाढ सरासरी १०.८८ व्या वर्षी सुरू होत होती, २००६ मध्ये ९.८६ व्या वर्षी. पंधरा वर्षांत पूर्ण एक वर्ष! त्याच काळात पहिली पाळी मात्र १३.४२ वरून १३.१३ वर, म्हणजे तीन-चार महिनेच सरकली. बीएमआयचा हिशोब धरूनही छातीच्या वाढीतला फरक उरलाच, आणि मेंदूकडून येणाऱ्या संप्रेरकांतही त्याला साजेसा बदल दिसला नाही.

म्हणून प्लास्टिक आणि प्रसाधनांतल्या, संप्रेरकांसारखं वागणाऱ्या रसायनांकडे संशोधकांचं लक्ष गेलं आहे. संशय रास्त आहे, पण अजून कोणत्या एका रसायनावर गुन्हा शाबीत झालेला नाही. ताणतणावाचाही वाटा असतो. कोविडच्या साथीत २०२० मध्ये इटलीतल्या डॉक्टरांना फार लवकर वयात येणाऱ्या मुलींची संख्या एकाएकी वाढलेली दिसली आणि नंतर इतर देशांतूनही तसंच आलं. घरात कोंडलेली मुलं, वाढलेलं वजन, बिघडलेली झोप, भीती, आणि आईवडिलांचं मुलीकडे जवळून गेलेलं लक्ष, यातलं नेमकं किती कशाने हे वेगळं काढणं कठीण आहे.

मुलीचं अंग भरलेलं आहे. छातीवर दिसतं ती चरबी की खरी वाढ?

नुसतं पाहून हे कळत नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. उभी असताना दोन्ही सारखंच दिसतं. डॉक्टर मुलीला पाठीवर झोपवून, तिची आणि आईची परवानगी घेऊन, दोन बोटांनी स्तनाग्राच्या खाली आणि आजूबाजूला हलकेच दाबून पाहतात. नुसती चरबी असेल तर सगळीकडे सारखं मऊ लागतं, आणि स्तनाग्राच्या बरोबर खाली बोट आत जातं. खरी ग्रंथी असेल तर तिथेच बटणाएवढी घट्ट, किंचित सरकणारी चकती हाताला लागते आणि मुलगी ‘दुखतंय’ म्हणते. बऱ्याचदा ती आधी एकाच बाजूला येते. दुसरी काही महिन्यांनी. एका बाजूची ही गाठ पाहून आईवडील कॅन्सरच्या भीतीने झोप उडवून घेतात. या वयात ती जवळपास नेहमीच वाढीची गाठ असते. ती कापून किंवा टोचून पाहू देऊ नका: तीच पुढच्या स्तनाची कळी असते आणि इजा झाली तर तो स्तन नीट वाढत नाही. शंका असेल तर सोनोग्राफी करतात.

पूर्वीच्या काही मोठ्या अभ्यासांत मुलींना फक्त पाहून नोंदी केल्या होत्या. त्यामुळे जास्त वजनाच्या मुलींमधली थोडी ‘लवकर वाढ’ ही नुसती चरबी असणार. पण हाताने तपासून केलेल्या अभ्यासांतही संबंध दिसतो, तेव्हा तो सगळा आभास नाही.

घरच्या काट्यावर चरबीचे टक्के दिसतात. त्यावर भरवसा ठेवावा?

मुलींच्या बाबतीत नाही. तो काटा पायातून अगदी सौम्य वीज सोडतो आणि तिला होणाऱ्या अडथळ्यावरून अंदाज बांधतो. पाणी प्यायलं, खेळून घाम आला, पाळी जवळ आली की आकडा बदलतो. बीएमआयलाही चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही, शिवाय मुलांसाठी तो वयाच्या तक्त्यावर बसवूनच वाचावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात पाच ते एकोणीस वर्षांसाठी सरासरीच्या वर एक प्रमाण विचलन (सरासरीपासूनचं अंतर मोजण्याचं माप) गेलं की जास्त वजन आणि दोन गेलं की लठ्ठपणा धरतात. मोठ्यांचे २५ आणि ३० हे आकडे दहा वर्षांच्या मुलीला लावू नयेत.

खरी उपयोगी गोष्ट म्हणजे दर सहा महिन्यांनी उंची आणि वजन लिहून ठेवणं. एका दिवसाचा आकडा मुका असतो, दोन वर्षांची रेषा बोलते.

पाळीच्या आधी मुलगी एकदम भरली. डाएट सुरू करावं का?

नको. वयात येण्याआधी मुलगे आणि मुली यांच्यातल्या चरबीत फार फरक नसतो. वयात येताना मुलग्यांच्या अंगावर प्रामुख्याने स्नायू चढतात, मुलींच्या अंगावर स्नायूंसोबत चरबीही, विशेषतः मांड्या-नितंबांवर. वाढ पूर्ण होईपर्यंत निरोगी मुलीच्या शरीरात साधारण पाव हिस्सा चरबी असणं अगदी स्वाभाविक आहे. अकरा वर्षांच्या मुलीची पँट एका वर्षात कमरेत घट्ट झाली, तर बहुधा शरीर आपलं काम करत आहे.

लक्ष द्यायचं ते वजन उंचीला सोडून एकटंच धावतंय का याकडे. रेषा वरच्या पट्ट्यात चढत चालली, पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त झाला, मानेवर किंवा काखेत कातडी काळी-जाड झाली, तर डॉक्टरांशी बोला. काळी-जाड कातडी इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची खूण असू शकते. तिला मळ समजून घासत बसू नका.

वजन कमी केलं तर पाळी पुढे ढकलता येईल का?

सुरू झालेली प्रक्रिया जेवण तोडून थांबवायची नसते. पुरेसं खाल्लं नाही तर पाळी लांबू शकते, पण ती शरीर आजारी पडल्यामुळे लांबते, आणि त्याच वर्षांत हाडांत भरायचा कॅल्शियमचा साठा बुडतो. हा साठा नंतर पुरता भरून निघत नाही.

लहान वयात, तीन ते सात वर्षांच्या दरम्यान, वजन उंचीला धरून राहील असं घरचं खाणं, खेळणं आणि झोप असेल, तर त्याचा उपयोग आहे. पाळीची वेळ त्यातून थोडी बदलेल न बदलेल. साखर, रक्तदाब, गुडघे यांच्यासाठी तरी ते करावंच. आणि ते सगळ्या घराने मिळून करावं. भावाच्या ताटात वेगळं आणि तिच्या ताटात वेगळं, असं चालणार नाही.

एखादा विशिष्ट पदार्थ बंद केल्याने फरक पडतो का?

पाळी लवकर आणणारा म्हणून एकच एक पदार्थ सिद्ध झालेला नाही.

मुलगी खूप बारीक आहे, रोज तीन-चार तास सराव करते. पाळी आली नाही तर चालेल?

या प्रश्नाचं उत्तर ‘खेळाडूंचं असंच असतं’ असं दिलं जातं आणि मुलींचं त्यात फार नुकसान होतं.

मिशेल वॉरन यांनी १९८० मध्ये बॅले नर्तिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलींना पहिली पाळी सरासरी १५.४ व्या वर्षी आली. पण त्यातली खरी शिकण्याची गोष्ट वेगळी होती: दुखापतीमुळे सराव थांबला की त्या काळात त्यांची अडलेली वाढ पुढे सरकायची, वजनात फारसा बदल नसतानाही. चरबीचे टक्के तेच, आणि तरी पाळी येते! म्हणजे मेंदू फक्त साठा पाहत नाही. रोज किती येतंय आणि किती खर्च होतंय हेही तो पाहतो.

हेच पुढे प्रौढ स्त्रियांत मोजलं गेलं. खाल्लेल्या उष्मांकांतून व्यायामात गेलेले वजा केले, की शरीराच्या बाकी कामांसाठी जे उरतं ते चरबी वगळून दर किलो वजनामागे दिवसाला ३० किलोकॅलरीच्या खाली गेलं की मेंदूकडून सुटणाऱ्या संप्रेरकांच्या लहरी विस्कटतात, असं ॲन लाउक्स यांनी २००३ मध्ये दाखवलं. अवघ्या पाच दिवसांत हा फरक पडला. वाढीच्या वयात तर गरज याहून जास्त. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून या स्थितीला खेळाडूंमधली ऊर्जेची तूट असं नाव दिलं आहे. तिच्यात पाळीबरोबर हाडं, हृदय, प्रतिकारशक्ती आणि मनःस्थितीही बिघडते.

अर्थात सडपातळ आणि उशिरा वाढणाऱ्या मुलीच जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळांत टिकतात, हेही एक कारण असतं. म्हणून उशीर झाला की सरावाला सगळा दोष देऊ नये, पण तो तपासल्याशिवाय सोडूही नये. प्रशिक्षकांनी मुलींचं वजन सगळ्यांसमोर घेणं मात्र मला अजिबात मान्य नाही. उपाशी राहण्याची सवय तिथेच लागते.

लवकर पाळी आली तर उंची खुंटते का?

लवकर वयात येणारी मुलगी दहाव्या वर्षी वर्गात उंच दिसते. इस्ट्रोजेन उंचीचा झपाटा आणतं आणि तेच हाडांच्या वाढीची टोकं बंदही करतं. त्यामुळे ती आधी उंच होते आणि आधी थांबते. पाळी आल्यावर साधारण ५ ते ७ सेंटीमीटर उंची आणखी वाढते; फार लवकर पाळी आली असेल तर याहून जास्तही. नवव्या-दहाव्या वर्षी सुरुवात झालेल्या मुलींना अंतिम उंचीत सहसा फार फटका बसत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलीत मात्र तो बसू शकतो.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. जास्त खाण्यामुळे वजन वाढलेली मुलं बहुधा वयाच्या मानाने उंच असतात. वजन वाढतंय आणि उंची मात्र अडली आहे, असं असेल तर थायरॉइड किंवा दुसऱ्या ग्रंथीचा आजार शोधलाच पाहिजे.

लवकर पाळीचा पुढच्या आयुष्यावर काय परिणाम होतो?

लवकर पाळी आलेल्या स्त्रियांमध्ये पुढे मधुमेह आणि हृदयविकार थोडे अधिक आढळतात; यातला काही भाग वजनाचाच असतो. स्तनांच्या कर्करोगाबद्दल २०१२ मधल्या ११७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, पाळी जितकी वर्षं आधी, तितकी दर वर्षामागे जोखीम सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हे ५ टक्के मुळातल्या जोखमीच्या तुलनेतले आहेत, शंभरातल्या पाच जणी असा त्याचा अर्थ नाही.

त्या मुलीच्या दृष्टीने जवळचा धोका मनाचा असतो. शरीर तेरा वर्षांचं दिसतं आणि आत नऊ वर्षांचं मूल असतं. नातेवाईक, शिक्षक, अनोळखी पुरुष तिच्याशी तिच्या दिसण्याप्रमाणे वागतात. नैराश्य आणि स्वतःच्या शरीराचा तिटकारा अशा मुलींमध्ये जास्त दिसतो. तिला वयाप्रमाणे वागवा: मांडीवर बसायचं असेल तर बसू द्या, बाहुल्या खेळायच्या असतील तर खेळू द्या. ‘आता तू मोठी झालीस’ हे वाक्य तिला आवडतंय का, हे तिच्या चेहऱ्यावरून पाहा.

पाळी थांबवणारी इंजेक्शनं वजनदार मुलींना द्यावीत का?

ती इंजेक्शनं मेंदूची साखळी पुन्हा दाबून ठेवतात. १९८० च्या दशकापासून वापरात आहेत, आणि ज्यांची वाढ आठव्या वर्षाच्या बरीच आधी सुरू होऊन वेगाने पुढे चालली आहे अशा मुलींना त्यांचा चांगला उपयोग होतो. नऊ वर्षांच्या, हळूहळू वाढणाऱ्या मुलीची पाळी सोयीसाठी लांबवायला ती नाहीत, आणि वजनावरचा उपाय तर नाहीतच.

डॉक्टरांकडे कधी जावं?

आठ वर्षांच्या आत छातीची खरी वाढ किंवा केस दिसले तर. वाढ फार भराभर चालली असेल, म्हणजे काही महिन्यांत एकेक पायरी ओलांडली जात असेल तर. छातीची वाढ नसताना रक्तस्राव झाला, किंवा सोबत सतत डोकेदुखी, उलट्या, नजर अंधूक होणं असेल, तर लगेच. दुसऱ्या टोकाला, तेराव्या वर्षापर्यंत छातीत काहीच बदल नाही, पंधराव्यापर्यंत पाळी नाही, किंवा छातीची वाढ सुरू होऊन तीन वर्षं झाली तरी पाळी नाही, तर. वजन जास्त आहे म्हणून उशीर होणार नाही असं धरून बसू नका, आणि बारीक आहे म्हणून उशीर चालेल असंही. पोटाचे जुनाट आजार, थायरॉइड, टर्नर सिंड्रोम (मुलींमध्ये एक एक्स गुणसूत्र नसण्याची किंवा अपुरं असण्याची जन्मजात स्थिती) हे सगळं वजनाच्या चर्चेत झाकलं जातं.

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने येऊ शकते. एकदा सुरू होऊन तीन महिने गायब झाली तर दाखवावं.

जाताना सोबत काय न्यावं?

शाळेतल्या किंवा लसीकरणाच्या कार्डावरच्या उंची-वजनाच्या जुन्या नोंदी, जितक्या मागच्या मिळतील तितक्या. जन्माचं वजन. आईला पहिली पाळी कोणत्या वर्षी आली आणि वडिलांची उंची कोणत्या इयत्तेत वाढली. पहिली गाठ साधारण कधी लक्षात आली त्याचा महिना. घरात कुणी संप्रेरकांचं मलम किंवा जेल लावत असेल तर त्याचं नाव. ते मुलीच्या त्वचेला लागूनही वाढ दिसू शकते. डाव्या हाताचा एक्स-रे काढायला सांगतील, तो हाडांचं वय पाहण्यासाठी असतो. आणि मुलीला स्वतःला काही विचारायचं असेल तर तिच्याकडून आधीच कागदावर लिहून घ्या. आत गेल्यावर ती बहुधा गप्प बसते.